शोकाची मुदत कोणी ठरवावी?

मनुष्य गेल्यावर त्याच्या आप्तांनी किती दिवस रडावे, याविषयी आपल्या समाजाची मते फार निश्चित आहेत. दहा दिवस सुतक, तेराव्याला गोडाचे जेवण, आणि चौदाव्या दिवसापासून ‘झाले गेले विसरा, आता कामाला लागा’ हा उपदेश. सुतकाशी आमचे भांडण नाही. शोकाला काही आकार देणारी ती जुनी व्यवस्था आहे आणि तिच्यात शहाणपण आहे. आमचे भांडण आहे ते चौदाव्या दिवसाच्या उपदेशाशी. हा उपदेश करावयास काही खर्च येत नाही, त्यासाठी मृताची ओळख असावी लागत नाही, आणि एकदा तो केला की समाचाराचे कर्तव्य आटोपले असे समजून माणूस पंख्याखालची खुर्ची सोडून उठू शकतो. ज्याला तो मानवत नाही त्याला आपण ‘हळवा’ म्हणतो. हळवा हा शब्द आपण काही दूषण म्हणून उच्चारत नाही. पण बढतीच्या वेळी तो आठवतो.

या उपदेशाला एका जपानी वृद्धाने दिलेले उत्तर पडद्यावर आले असता आपल्यातील पुष्कळ मंडळींनी ते ओळखले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. हायाओ मियाझाकी यांचा नवा अ‍ॅनिमेशनपट १४ जुलै २०२३ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. मूळ नावाचा अर्थ ‘तुम्ही कसे जगणार?’ असा आहे. इतरत्र तो ‘द बॉय अँड द हेरॉन’ या नावाने गेला. मार्च २०२४ मध्ये त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी तो भारतातील चित्रगृहांतही आला. परप्रांतात राहणाऱ्या आमच्या परिचयाच्या मराठी मंडळींत त्याविषयी जे उद्गार ऐकू आले ते तीन प्रकारचे होते. पहिला : ‘कार्टून आहे, मुलांना दाखवा.’ दुसरा : ‘उत्तरार्धात काही कळत नाही, पोपट काय, पेलिकन काय!’ आणि तिसरा, जरा विचारी माणसांचा : ‘शेवटी सांगितले काय, तर विसरून पुढे जा, हे आमच्या आजीनेही सांगितले असते.’ या तिन्ही आक्षेपांचा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी कथाभाग थोडक्यात सांगतो. युद्धाचे तिसरे वर्ष. टोकियोतील एका रुग्णालयाला आग लागते आणि माहितो नावाच्या बारा वर्षांच्या मुलाची आई, हिसाको, तीत जाते. पुढच्या वर्षी लढाऊ विमानांच्या भागांचा कारखाना चालविणारा बाप मुलाला घेऊन पत्नीच्या माहेरच्या गावी राहावयास जातो. तेथे त्याने मृत पत्नीच्या धाकट्या बहिणीशी, नात्सुकोशी, लग्न केलेले असते आणि ती गरोदर असते. त्या वाड्याच्या आवारात एक पडका मनोरा आहे. वाड्यातला एक राखी बगळा मुलाच्या मागे लागतो, हळूहळू माणसासारखा बोलू लागतो, आणि ‘तुझी आई जिवंत आहे’ असे सांगून त्याला मनोऱ्याकडे ओढतो. एके दिवशी नात्सुको रानात नाहीशी होते आणि तिला शोधीत माहितो मनोऱ्यात, व तेथून खालच्या एका विलक्षण लोकात, उतरतो.

आता पहिला आक्षेप. कार्टून म्हणजे पोरखेळ, ही समजूत ज्यांची आहे त्यांनी या चित्रपटाची पहिली दोनतीन मिनिटे पाहावीत. मुलगा आगीकडे धावत आहे. रस्त्यावरच्या माणसांच्या आकृती विरघळल्यासारख्या, वितळल्यासारख्या काढल्या आहेत. चेहरे ओळखू येत नाहीत, रेषा स्थिर राहत नाहीत. ज्याने घाबऱ्या जिवाने रुग्णालयाच्या दिशेने धाव घेतली आहे त्याला ठाऊक आहे की त्या वेळी वाटेवरची माणसे अशीच दिसतात. छायाचित्रणाचा कॅमेरा समोर असेल तेच टिपतो. धावणाऱ्याच्या डोळ्यांना काय दिसते ते दाखवावयास हाताने काढलेली रेषाच लागते. हे चित्र काढून घेणारा माणूस त्या वेळी ऐंशी वर्षे ओलांडलेला होता. १९४१ साली जन्मलेल्या मियाझाकींचे बालपण युद्धात गेले. वडिलांचा व्यवसाय लढाऊ विमानांचे भाग बनविण्याचा. कुटुंबाला टोकियो सोडून उत्सुनोमिया येथे जावे लागले. त्यांची आई मात्र आगीत गेली नाही. ती १९४७ पासून कित्येक वर्षे मणक्याच्या क्षयाने अंथरुणाला खिळून होती आणि १९८३ साली वारली. म्हणजे आई गेल्यानंतर चाळीस वर्षांनी एका मुलाने तिच्या वियोगाचे चित्र पुरे केले. मधल्या काळात त्याने अनेक चित्रपट केले, कीर्ती मिळविली, निवृत्ती जाहीर करून ती मोडलीही. तो ‘कामाला लागला’ नव्हता असे कोणी म्हणेल काय? आणि तरीही चाळीसाव्या वर्षी हिशेब उघडाच होता. चौदाव्या दिवसाचा उपदेश करणाऱ्यांनी हा काळ एकदा मोजावा.

दुसरा आक्षेप दुर्बोधतेचा. बोलणारा बगळा, माणसे खाणारे पोपट, आकाशात तरंगत जाऊन पृथ्वीवर जन्म घेणारे वारावारा नावाचे चिमुकले शुभ्र जीव, आणि ते गट्ट करणारे पेलिकन : याचा अर्थ काय, असे विचारले जाते. आम्हांस आश्चर्य वाटते ते या प्रश्नाचे नव्हे, तो विचारणाऱ्यांचे. दहाव्या दिवशी घाटावर पिंड मांडून कावळ्याची वाट पाहत उन्हात उभी राहणारी माणसे आपणच ना? कावळा शिवेना तेव्हा ‘धाकटीचे लग्न करून देऊ’, ‘आईला सांभाळू’ असे मोठ्याने सांगणारा शिकलासवरला पदवीधर आपण पाहिलेला आहे. आणि पुढच्याच क्षणी कावळा शिवला की सगळ्यांच्या तोंडून सुटलेला निःश्वासही ऐकलेला आहे. मृत आणि जिवंत यांच्या सीमेवर एक पक्षी बसतो, त्याच्याशी बोलावे लागते, आणि त्याला सांगितलेले वचन वस्तुतः जिवंतांनी जिवंतांना दिलेले असते, हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्याने जपानी बगळ्यापुढे ‘कळत नाही’ म्हणावे हे नवल नव्हे काय? जपानी प्रथा निराळ्या, दैवते निराळी; आम्ही दोन्हींची मोळी बांधू इच्छीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की शोकाची भाषा मुळातच स्वप्नाची आहे. शोकग्रस्त माणूस जे अनुभवतो ते सुसंगत नसते. मग त्याचे चित्रण मात्र सुसंगत असावे, हा हट्ट कशासाठी?

आणि हा बगळा काय विचारतो ते पाहा. तो माहितोला म्हणतो, आईचे प्रेत तू पाहिलेस कोठे? सारा चित्रपट या एका प्रश्नावर उभा आहे असे आमचे मत आहे. बगळा लबाड आहे. त्याच्या पिसांखाली एक मोठ्या नाकाचा, बुटका, कुरूप म्हातारा दडलेला आहे. पण लबाडाला फट कोठे आहे हे नेमके कळते. ज्याने अंत्यदर्शन घेतले नाही त्याच्या मनात मृत्यू पुरा झालेला नसतो, आणि त्या फटीतून कोणताही बगळा आत येऊ शकतो.

हे वाचताना आपल्यापैकी किती जणांच्या घशात काही अडकेल, हे आम्हांस निराळे सांगावयास नको. परप्रांतात नेमणूक असलेल्या माणसाला मृत्यू भेटतो तो फोनवर. गुवाहाटीहून वा जम्मूहून कोकणातल्या किंवा खानदेशातल्या घरी पोचेपर्यंत राख सावडून झालेली असते. तोंड पाहावयास मिळाले नाही, एवढेच चार शब्द आपण पुढे जन्मभर म्हणत राहतो. वर्षाकाठच्या आठ दिवसांच्या नैमित्तिक रजेतून प्रवासाचे दिवस वजा जाता जे उरते त्यात दहावे, तेरावे, सातबाराचे कागद आणि भावकीचे मानापमान बसवावे लागतात. परत येऊन टेबलाशी बसावे तर फाइल जेथे थांबली होती तेथेच असते, आणि या गावात गेलेल्या माणसाला ओळखणारे कोणीच नसते. आई ज्या घरात वावरली त्या घरात राहणाऱ्याला निदान रिकामा कोपरा तरी दिसतो. आपल्या सरकारी वसाहतीतील घरात ती कधी आलीच नसेल, किंवा दोन वेळा येऊन ‘इथे करमत नाही’ म्हणून परत गेली असेल, तर तिच्या नसण्याची जागाही नसते. अशा माणसाला ‘विसर आता’ म्हणणे म्हणजे ज्याचा दाखलाच नोंदला गेला नाही तो निकालात काढण्यासारखे आहे. माहितोची स्थिती हीच आहे. नवे गाव, नवी शाळा, आईला न शोभणाऱ्या घाईने सुरू झालेला नवा संसार. शाळेतल्या पहिल्याच मारामारीनंतर तो वाटेत एक दगड उचलतो आणि स्वतःच्याच डोक्यात मारून घेतो. ही जखम पुढे लक्षात ठेवावयाची आहे.

आता मावशीकडे येऊ. ‘माय मरो पण मावशी उरो’ ही म्हण आपण किती सहजतेने वापरतो! ती मावशीच्या मायेची थोरवी सांगते, हे खरे. परंतु आई मेल्यावर मावशी उरली आणि तीच घरात आई म्हणून आली, तर मुलाला काय होते आणि मावशीला काय होते, याची चौकशी ती म्हण करीत नाही. आपल्याकडेही बायको गेली की मुलांकडे पाहून तिच्या धाकट्या बहिणीला त्याच घरात देण्याची रीत होती. जुन्या घराण्यांच्या वंशावळी चाळल्या तर अशी लग्ने सापडतील. त्या धाकट्या बहिणींपैकी कोणाला कोणी विचारले होते? मियाझाकींनी विचारले आहे. खालच्या लोकात, बाळंतिणीच्या खोलीत, नात्सुको निजलेली आहे. तिला न्यावयास आलेल्या माहितोला ती किंचाळून सांगते की तू मला मुळीच आवडत नाहीस. त्या क्षणी कागदी पताका वावटळीसारख्या उठून मुलाच्या अंगाला चिकटतात. आणि ज्याने वाड्यात तिचे नाव घेण्यापलीकडे आपुलकी दाखविली नव्हती तो मुलगा त्या वादळात तिला प्रथमच ‘नात्सुको आई’ अशी हाक मारतो.

आमच्या मते शोकावर लिहिल्या-रेखाटल्या गेलेल्या प्रसंगांत याच्या तोडीचे थोडे सापडतील. कारण येथे कोणी कोणाला क्षमा केलेली नाही आणि कोणी कोणाचे सांत्वन केलेले नाही. दोघांनी द्वेष उघड बोलून दाखविला आहे. एकाने शब्दाने, दुसऱ्याने महिनोन्‌महिने गप्प राहून. नात्सुकोही शोकग्रस्त आहे, तिचीही बहीण गेली आहे, आणि तिच्या शोकाला त्या घरात कोणी जागा दिलेली नाही, हे आपल्या ध्यानात येते ते याच वेळी. जी माणसे ‘पुढे जा’ म्हणतात ती पुढे म्हणजे कोणाकडे, हे कधी सांगत नाहीत. येथे उत्तर स्पष्ट आहे : समोर जिवंत असलेल्या, आपल्यासारख्याच दुखावलेल्या माणसाकडे.

येथवर आम्ही विसरा म्हणणाऱ्यांशी वाद घातला. पण समोरच्या बाजूलाही एक पक्ष आहे, आणि त्याची गय करणे न्याय्य होणार नाही. हा पक्ष म्हणतो, विसरणे ही प्रतारणा आहे. मृताची खोली तशीच ठेवा, त्याचा चष्मा तसाच ठेवा, घड्याळ त्याच वेळेवर बंद ठेवा. या पक्षासाठी मियाझाकींनी मनोरा बांधला आहे. मेइजी क्रांतीच्या सुमारास आकाशातून पडलेल्या एका शिळेभोवती माहितोच्या आईच्या चुलतआजोबांनी तो उभारला आणि पुस्तके वाचता वाचता ते त्यातच नाहीसे झाले. खाली ते अद्याप आहेत. तेरा ठोकळे एकावर एक रचून ते आपले जग तोलून धरीत आहेत. (तेरा हा आकडा वाचून आपल्याला तेरावे आठवेल, तो निव्वळ योगायोग.) ते माहितोला आपला वारस होण्यास सांगतात. हे ठोकळे दुष्टपणाचा स्पर्श न झालेले आहेत, दर तीन दिवसांनी एक रच आणि निर्मळ जग घडव, असा त्यांचा आग्रह आहे. निर्माते तोशिओ सुझुकी यांनी सांगितले आहे की या वृद्धाच्या मागे मियाझाकींचे ज्येष्ठ सहकारी इसाओ ताकाहाता आहेत. ताकाहाता ५ एप्रिल २०१८ रोजी, या चित्रपटाचे काम चालू असतानाच, वारले. म्हणजे आईच्या शोकाच्या पोटात गुरुस्थानी असलेल्या मित्राचा शोक आहे.

या वृद्धाचे जग निर्मळ आहे काय? त्या समुद्रातला एक मरणोन्मुख पेलिकन माहितोला सांगतो की आम्हांला येथे आणून सोडले. येथे पोटापुरते मासे नाहीत, म्हणून आम्ही वारावारा खातो. पोपटांचे तर राज्य झाले आहे आणि त्यांचा राजा सुऱ्या परजून फिरतो. आठवणींचे जे बंद जग आपण जिवंत माणसांवाचून चालवू पाहतो त्याचे असेच होते. आपण प्रेमाने आत आणून ठेवलेल्या गोष्टी उपाशी राहतात आणि एकमेकींना खाऊ लागतात. त्या पेलिकनला माहितो स्वतःच्या हातांनी पुरतो. ज्याला आईला मूठमाती देता आली नाही तो एका शत्रूला देतो, आणि हे कोणी त्याला सांगितलेले नसते.

ठोकळे घेण्यास माहितो नकार देतो. तो आपल्या डोक्यावरचा व्रण दाखवितो आणि म्हणतो, ही माझ्या दुष्टपणाची खूण आहे. मी या निर्मळ दगडांना हात लावू शकत नाही. मी परत जाईन आणि मित्र जोडीन. येथे त्या जखमेचा अर्थ पुरा होतो. शोकाने माणूस थोर होतो, ही आणखी एक लोकप्रिय भ्रामक समजूत आहे. शोकाने माणूस कित्येकदा क्षुद्र होतो, खोटे बोलतो, दुसऱ्यावर आळ येऊ देतो. ज्याला परत जगात यावयाचे आहे त्याने हा क्षुद्रपणा बरोबर घेऊनच यावे लागते. आणि ज्या मित्रांची नावे तो घेतो त्यांत तो लबाड बगळाही आहे. ज्याच्या चोचीला याच मुलाच्या बाणाने भोक पडले होते आणि ज्याच्या चोचीत याच मुलाने लाकडाची खुंटी तासून बसविली होती.

आता उरला तिसरा आक्षेप, आणि तो आम्ही सर्वांत वजनदार मानतो. शेवटी बगळाच म्हणतो ना, की तू हे सारे हळूहळू विसरशील, आणि तेच बरे? होय, म्हणतो. परंतु केव्हा म्हणतो हे पाहा. बगळ्याचा पहिला उद्योग बनावट आईचा होता. कोचावर निजलेली ती आकृती मुलाने हात लावताच पाणी होऊन ओघळली. त्यानंतर मुलगा खाली उतरला. हिमी नावाच्या, अग्नीवर सत्ता चालविणाऱ्या मुलीने त्याला लोणी-मुरंबा लावलेला पाव खाऊ घातला. आणि ही हिमी म्हणजेच आपली आई, तिच्या बालवयातली, हे त्याला उमगले. निरोपाची वेळ आली तेव्हा दोघांची दारे निराळी होती. तुझ्या दाराने गेलीस तर तू आगीत मरशील, असे तो तिला सांगतो. ती हसून म्हणते की मला आगीचे भय नाही, आणि तुझ्यासारखा मुलगा होणार हे किती छान! ज्याला आईचा निरोप घेता आला नव्हता त्याला तो मिळाला. आणि मिळाला तो असा की तिने मरण ठाऊक असूनही त्याची आई होणे पत्करले. हे सर्व झाल्यावर, मनोरा कोसळल्यावर, बगळा म्हणतो की विसरशील. तोवर मुलाच्या खिशात तेथला एक खडा आलेला आहे. विसरण्याचा क्रम येथे शेवटचा आहे. आपले उपदेशक तो पहिला लावतात. झोप आपोआप येते, पण ‘झोप’ असे दरडावल्याने आलेली कोणी पाहिली आहे?

चित्रपट निर्दोष आहे असे आमचे प्रतिपादन नाही. उत्तरार्धात कल्पनांची गर्दी होते, पोपटांची दंगल आवश्यकतेपेक्षा लांबते, आणि ज्याच्या कारखान्यावर घर चालले आहे त्या बापाला युद्धाचा जाब कोणी विचारीत नाही. पण हे दोष काठाचे आहेत. मध्यभागी एक गोष्ट शाबूत आहे. गेंझाबुरो योशिनो यांचे १९३७ सालचे पुस्तक, ज्याचे नाव चित्रपटाला दिले आहे, ते आईने मुलगा मोठा झाल्यावर वाचील म्हणून ठेवलेले असते. तिच्या हाताचा मजकूर त्यावर सापडतो, तो वाचीत बसतो, आणि रडतो. रडून झाल्यावर तो उठतो आणि मावशीला शोधावयास निघतो. क्रम पुन्हा तोच आहे.

यावर कोणी विचारील, मग आम्ही करावे तरी काय? आमची मागणी अगदी लहान आहे. पुढच्या वेळी शेजारच्या टेबलावरचा माणूस गावाहून मुंडण करून परत येईल तेव्हा त्याला ‘काळ हेच औषध’ असे सांगू नका. त्याच्या आईचे नाव काय होते ते विचारा. ती कोणत्या गावची, काय रांधीत असे, त्याच्यावर कशावरून रागावत असे, ते विचारा. या परक्या गावात तिचे नाव मोठ्याने घेतले जाण्याची ती कदाचित पहिलीच वेळ असेल. त्याला पाच मिनिटे लागतील किंवा सबंध दुपारची सुटी जाईल. फाइल तेवढा वेळ थांबते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे?